जयंत नारळीकर यांचे विज्ञानविषयक विचार

जयंत विष्णू नारळीकर (१९ जुलै १९३८ – २० मे २०२५) हे भारतीय खगोलभौतिकशास्त्रज्ञ, विश्वरचनाशास्त्राचे अभ्यासक आणि मराठी विज्ञानकथालेखक होते. गुरुत्वाकर्षण आणि विश्वाची रचना या विषयांवरील संशोधनाखेरीज विज्ञान म्हणजे काय, वैज्ञानिक सत्य कशाला म्हणावे आणि नवा शोध मान्य केव्हा करावा, या प्रश्नांवर त्यांनी मराठी, इंग्रजी आणि हिंदी भाषांतून विपुल लेखन केले. प्रस्तुत लेखात त्यांच्या या विचारांचा आणि ते विचार त्यांनी स्वतःच्या कार्यात कसे वापरले याचा परिचय करून दिला आहे.

या विचारांचा गाभा थोडक्यात असा सांगता येतो : कोणतेही विधान, ते कोणी केले किंवा किती जणांना पटले यावरून खरे ठरत नाही, त्या विधानातून निघणारे भाकीत निरीक्षणाच्या कसोटीला उतरते की नाही, यावरून ते ठरते. नारळीकरांच्या बाबतीत विशेष असे की, ही कसोटी त्यांनी फलज्योतिषाला लावली, प्राचीन भारतीय विज्ञानाविषयीच्या दाव्यांना लावली आणि महास्फोट सिद्धांतासारख्या बहुमान्य वैज्ञानिक सिद्धांतालाही लावली. त्याच कसोटीवर त्यांच्या स्वतःच्या सिद्धांताची परीक्षा झाली आणि तीत तो बहुसंख्य शास्त्रज्ञांना मान्य होण्याइतका टिकला नाही.

पार्श्वभूमी

नारळीकरांचा जन्म कोल्हापूर येथे झाला. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख होते. आई सुमती या संस्कृतच्या अभ्यासक होत्या. त्यांचे बालपण वाराणसीत, विद्यापीठाच्या परिसरात गेले. घरातील फळ्यावर मामा मोरेश्वर हुजूरबाजार गणिती कोडी लिहून ठेवत आणि ती सुटेपर्यंत पुसली जात नसत, ही आठवण नारळीकरांनी अनेकदा सांगितली आहे. उत्तर कोणी सांगण्यापूर्वी ते स्वतः शोधण्याची सवय त्यांना या फळ्याने लावली.

१९५७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाची पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. तेथे गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत त्यांनी सर्वोच्च यश मिळवले आणि फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ मध्ये डॉक्टरेट पूर्ण केली. १९६४ मध्ये हॉईल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. एखाद्या कणाचे वस्तुमान हा त्या कणाचा केवळ स्वतःचा गुण नसून विश्वातील इतर सर्व द्रव्याशी असलेल्या त्याच्या संबंधातून ते निर्माण होते, ही माख यांची कल्पना या सिद्धांताच्या मुळाशी होती. १९६५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९८८ मध्ये पुण्यात आंतर-विद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच ‘आयुका’, स्थापन झाले आणि त्याचे संस्थापक-संचालक म्हणून त्यांनी २००३ पर्यंत काम पाहिले. २००४ मध्ये त्यांना पद्मविभूषण आणि २०१० चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. शीर्षकातील चार नगरे म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे होत.

वैज्ञानिक सत्याचे स्वरूप

नारळीकरांच्या विवेचनात वैज्ञानिक सत्य हे नेहमी तात्पुरते असते. तात्पुरते याचा अर्थ डळमळीत असा नव्हे. आजवरच्या निरीक्षणांशी जुळलेले आणि उद्याच्या निरीक्षणासमोर पुन्हा उभे राहण्यास तयार असलेले विधान, असा त्याचा अर्थ आहे. जे विधान कोणत्याही परिस्थितीत चुकूच शकत नाही, ते विज्ञानाच्या कक्षेत येत नाही.

हा मुद्दा ग्रहगणिताच्या इतिहासावरून स्पष्ट होतो. युरेनसची गती न्यूटनच्या नियमाशी नेमकी जुळत नव्हती. एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असावा, असे गृहीत धरून गणित केले गेले आणि १८४६ मध्ये त्या गणिताने दाखवलेल्या जागेजवळ नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतही असाच एक सूक्ष्म फरक आढळत होता. तो शतकाला सुमारे ४३ विकलांचा होता. तेव्हाही त्याच पद्धतीने सूर्याजवळ एका नव्या ग्रहाची कल्पना करण्यात आली आणि त्याला ‘व्हल्कन’ असे नावही देण्यात आले. पण असा ग्रह सापडला नाही. अखेर १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने त्या ४३ विकलांचा हिशेब लावला. एकच पद्धत, तेवढेच हुशार गणिती. एकदा तर्क खरा ठरला, एकदा खोटा. निर्णय दोन्ही वेळा आकाशाने दिला.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. न्यूटनचा नियम आइन्स्टाइननंतर टाकून दिला गेला नाही. त्याची मर्यादा कळली. उपग्रहांच्या बहुतेक हिशेबांना तो आजही पुरतो. विज्ञानातील जुने सत्य बहुधा असे नव्या सत्याच्या पोटात सामावले जाते.

प्रस्थापित मताशी मतभेद

१९४८ मध्ये हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावते हे या सिद्धांताला मान्य आहे. मात्र आकाशगंगा एकमेकींपासून दूर जात असताना नवे द्रव्य अत्यंत मंद गतीने निर्माण होत राहते आणि त्यामुळे विश्वाची सरासरी घनता बदलत नाही, असे तो सांगतो. वाहत्या कालव्यातील पाणी क्षणाक्षणाला वेगळे असते, पण त्याची पातळी तीच राहते. तसेच हे आहे. अशा विश्वाला आरंभ नाही आणि अंतही नाही. याउलट महास्फोट सिद्धांतानुसार विश्वाला एक अतितप्त, अतिघन आरंभावस्था होती आणि दूरवरचे, म्हणजेच भूतकाळातील, विश्व आजच्या विश्वाहून वेगळे दिसले पाहिजे. ‘महास्फोट’ या अर्थाचे इंग्रजी नाव या सिद्धांताला हॉईल यांनीच १९४९ मध्ये एका नभोवाणी भाषणात दिले.

स्थिर स्थिती सिद्धांताचे मोठे गुण म्हणजे त्याची भाकिते स्पष्ट होती आणि म्हणून तो खोटा ठरवता येण्याजोगा होता. १९६१ मध्ये केंब्रिजमधील रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांनी दूरच्या रेडिओ स्रोतांची गणना जाहीर केली आणि ती स्थिर स्थितीच्या विरोधात जाते, असे प्रतिपादन केले. त्या वेळी संशोधक विद्यार्थी असलेल्या नारळीकरांनी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत उत्तरपक्ष मांडला. स्रोतांचे वितरण सर्वत्र सारखे न मानता पुंजक्यांचे मानले, तर ही गणना स्थिर स्थितीतही संभवते, असे हॉईल आणि नारळीकर यांचे म्हणणे होते.

१९६५ मध्ये आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांकडून सारख्याच प्रमाणात येणारे सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण सापडले. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे २.७ अंश आहे. महास्फोटाच्या तप्त आरंभावस्थेचा तो अवशेष मानला जातो आणि या शोधानंतर बहुतेक शास्त्रज्ञांनी स्थिर स्थिती सिद्धांत सोडून दिला. भारतातून मिळालेला पुरावाही त्या सिद्धांताच्या विरोधी गेला. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उटी येथे उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीने दूरच्या रेडिओ स्रोतांचे कोनीय आकार मोजले. १९७५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून हे स्रोत काळानुसार बदलत गेले, असे दिसत होते. स्वरूप आणि नारळीकर हे दोघेही तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेतच कार्यरत होते. एकाच संस्थेत एक गट सिद्धांताची बाजू मांडतो आणि दुसरा गट त्याच्या विरुद्ध जाणारी मोजमापे प्रसिद्ध करतो, हे निरोगी विज्ञानाचे उदाहरण म्हणता येईल. पुढे स्वरूप यांच्याच पुढाकाराने पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली.

१९९३ मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी मूळ सिद्धांतात फेरफार करून ‘अर्ध-स्थिर स्थिती’ विश्वरचना मांडली. तिच्यानुसार विश्व दीर्घकाळात प्रसरण पावत राहते, पण त्या प्रसरणावर आकुंचन-प्रसरणाची आवर्तने असतात आणि द्रव्याची निर्मिती एकाच महास्फोटात न होता अनेक लहान-मोठ्या स्फोटांत होते. सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण हे ताऱ्यांचाच जुना प्रकाश असून आकाशगंगांच्या दरम्यानच्या अवकाशातील धातूच्या सूक्ष्म तंतूंनी तो शोषून पुन्हा उत्सर्जित केला आहे, असे स्पष्टीकरण या तिघांनी दिले.

या काळातील नारळीकरांच्या लेखनात एक सूत्र वारंवार येते. एखादे मत बहुमान्य झाले की त्याला पूरक संशोधनालाच निधी, दुर्बिणीचा वेळ आणि नोकऱ्या मिळू लागतात. तरुण संशोधक सुरक्षित वाट धरतात आणि पर्यायी कल्पना तपासल्याच जात नाहीत, अशी चिंता ते व्यक्त करीत. २००४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी याच आशयाचे एक खुले पत्र प्रसिद्ध केले. त्याच्या स्वाक्षरीकर्त्यांत नारळीकरही होते.

फलज्योतिषाची चाचणी

बहुमान्य वैज्ञानिक सिद्धांतावर शंका घेणाऱ्या माणसाने फलज्योतिषाला अवैज्ञानिक म्हणावे, यात काहींना विसंगती वाटे. नारळीकरांच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी मागणी एकच होती : भाकीत आधी लिहून द्या आणि मग ते ताडून पाहू. विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय २००१ मध्ये पुढे आला, तेव्हा त्यांनी त्याला जाहीर विरोध केला. मात्र केवळ विरोध नोंदवून न थांबता त्यांनी पुढे एक प्रत्यक्ष चाचणी आखली.

२००८ मध्ये झालेल्या या चाचणीत त्यांच्यासोबत संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक-चिकित्सक प्रकाश घाटपांडे सहभागी होते. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा मिळवून २०० कुंडल्या तयार करण्यात आल्या. प्रत्येक कुंडलीला सांकेतिक क्रमांक देण्यात आला. सहभागी ज्योतिषाला त्यांतील ४० कुंडल्या यदृच्छेने निवडून पाठवल्या जात आणि प्रत्येक कुंडली कोणत्या गटातील मुलाची आहे, एवढेच त्याने सांगायचे होते. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांच्या बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. सर्व २०० कुंडल्या तपासणाऱ्या एका संस्थेचे यशही निम्म्याच्या आसपासच राहिले. हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या आकड्यांचा अर्थ कळण्यासाठी नाणेफेकीशी तुलना उपयोगी पडते. ४० कुंडल्यांची उत्तरे कुंडली न पाहता, केवळ नाणे उडवून दिली, तर सरासरी २० उत्तरे बरोबर येतील. एखाद्याची १७ येतील, एखाद्याची २३ येतील. त्यात नवल काही नाही. पण केवळ नाणेफेकीने २८ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी आहे. म्हणून एखादा ज्योतिषी सातत्याने तेवढे यश मिळवू लागला असता, तर त्याच्या दाव्याची गंभीर दखल घ्यावी लागली असती. चाचणीची आखणी अशी होती की, तीत फलज्योतिष जिंकूही शकले असते. आणि म्हणूनच तिच्या निकालाला मोल आहे. काही ज्योतिषांनी चाचणीच्या स्वरूपावर आक्षेप घेतले.

दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. दाव्याची तपासणी मागणे ही केवळ बौद्धिक करमणूक नाही, याची जाणीव या घटनेने महाराष्ट्राला करून दिली.

स्वतःवरील कसोटी

लेखकाच्या नावाचा परिणाम निर्णयावर होऊ नये, हे तत्त्व नारळीकरांनी साहित्यातही पाळले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. त्यांच्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने घेतली की या टोपणनावाची आद्याक्षरे मिळतात. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि नंतरच लेखकाची खरी ओळख उघड झाली. कुंडलीवरील सांकेतिक क्रमांक आणि कथेवरील टोपणनाव यांमागील विचार एकच आहे : परीक्षकाला जे ठाऊक असण्याची गरज नाही, ते त्याला कळू देऊ नये.

‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ इत्यादी पुस्तकांतून त्यांनी मराठी विज्ञानकथेला व्यापक वाचकवर्ग मिळवून दिला. २०२१ मध्ये नाशिक येथे झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

प्राचीन ज्ञानाविषयीचे दावे

आर्यभट आणि भास्कराचार्य यांच्या गणिती कार्याचा नारळीकर आदराने उल्लेख करीत. आयुकाच्या आवारात न्यूटन, गॅलिलिओ आणि आइन्स्टाइन यांच्यासोबत आर्यभटाचाही पुतळा आहे. मात्र प्राचीन काळी विमाने किंवा अण्वस्त्रे होती, यांसारखे दावे त्यांनी पुराव्याअभावी नाकारले. कोणतेही प्रगत तंत्रज्ञान एकटे उभे राहत नाही. त्याच्या आधीच्या पायऱ्या, त्याची साधने, त्याचे तपशीलवार ग्रंथ आणि त्याचे दैनंदिन जीवनातील उपयोग यांच्या खुणा सापडल्या पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. काव्यातील वर्णन हे कल्पनाशक्तीचा पुरावा असते, यंत्राचा नव्हे.

या बाबतीतही त्यांनी स्वतः शोध घेतला. इ.स. १०५४ मध्ये वृषभ राशीत दिसलेल्या अतिनवताऱ्याची नोंद चिनी ग्रंथांत आहे. त्याचे अवशेष आज खेकडा तेजोमेघ म्हणून ओळखले जातात. हा तारा काही आठवडे दिवसाही दिसत होता. खगोलाची दीर्घ परंपरा असलेल्या भारतात त्याची नोंद असायला हवी, या अपेक्षेने नारळीकर आणि संस्कृत पंडिता सरोजा भाटे यांनी प्राचीन साहित्य धुंडाळले. निश्चित म्हणावी अशी नोंद हाती आली नाही आणि तसे त्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले. जे मिळावे असे मनापासून वाटत होते, ते मिळाले नाही हे लिहून ठेवणे हाही वैज्ञानिक शिस्तीचाच भाग आहे.

पृथ्वीबाहेरील जीवांचा शोध

जीवनाची बीजे अवकाशातून पृथ्वीवर आली असावीत, या हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांच्या कल्पनेबद्दल नारळीकरांना कुतूहल होते. तिची तपासणी करण्यासाठी भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या सहकार्याने हैदराबादहून उंच जाणारे फुगे सोडून सुमारे २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा करण्यात आले. २००५ च्या उड्डाणातील नमुन्यांतून जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. त्यांतील एकीला हॉईल यांच्यावरून ‘जॅनिबॅक्टर हॉयलेई’, दुसरीला इस्रोवरून ‘बॅसिलस इस्रोनेन्सिस’ आणि तिसरीला ‘बॅसिलस आर्यभट्टाई’ असे नाव देण्यात आले. तथापि, हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असेही त्याच वेळी स्पष्ट करण्यात आले.

पुणे परिसरातील पूर्वपरंपरा

निरीक्षणाला अधिकारापेक्षा वरचे स्थान देण्याची पुण्यातील परंपरा नारळीकरांच्या आधीची आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून १८८८ मध्ये वेधशाळा उभारली. त्या काळचे ख्यातनाम ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांच्या मते मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटातील मुख्य रेषा मॅग्नेशियमपासून आली होती आणि तशी असती तर ती एका बाजूला पुसट दिसली असती. नायगमवाला यांना १८९१ मध्ये ती रेषा स्वच्छ, धारदार दिसली आणि त्यांनी तसे प्रसिद्ध केले. ही रेषा ऑक्सिजनची असल्याचे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले.

२२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून भीमेच्या खोऱ्यात येत होता. नायगमवाला यांनी आपली निरीक्षणे जेऊर येथून केली. जेऊर हे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील रेल्वे स्थानक असून इंदापूर तालुक्यापासून ते भीमेच्या पलीकडे, जवळच आहे. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांनीही तेथेच मुक्काम ठोकला होता. लॉकयर त्याच ग्रहणासाठी विजयदुर्गला आले होते. त्यांनी १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, अशी समजूत महाराष्ट्रात प्रचलित आहे. वस्तुतः १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये सूर्यज्वालांच्या वर्णपटाची त्यांची निरीक्षणे इंग्लंडमधून झाली. दोन भेटींच्या गोंधळातून रूढ झालेली ही कथा अभिमानास्पद असली, तरी तारखा तपासल्यावर टिकत नाही.

शिक्षण आणि विज्ञानप्रसार

विज्ञान हे पाठांतराचा विषय झाले की त्यातील शोधाचा आनंद नाहीसा होतो, असे नारळीकर म्हणत. शालेय विद्यार्थ्यांसाठी आयुकात दुसऱ्या शनिवारी व्याख्याने सुरू झाली, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सहीऐवजी एक अट घालत : पोस्टकार्डावर विज्ञानातील प्रश्न लिहून पाठवा, उत्तरासोबत सही मिळेल. शहरातील मुलाला आणि दूरच्या खेड्यातील मुलाला पोस्टकार्डाची किंमत सारखीच पडत असल्याने, हा मार्ग सर्वांना खुला होता. त्यात आणखी एक शिकवण होती. सहीसाठी नाव ठाऊक असले की पुरते; प्रश्नासाठी विचार करावा लागतो.

दैनंदिन जीवनातील उपयोग : बारामती-इंदापूरचे उदाहरण

वैज्ञानिक दृष्टिकोन प्रयोगशाळेपुरता नसून रोजच्या निर्णयांत वापरावयाचा असतो, हे नारळीकरांच्या लेखनाचे मुख्य आवाहन होते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील एका नेहमीच्या प्रसंगावरून ते समजून घेता येते. नीरा डाव्या कालव्याखालील बागायती पट्टा सोडला, तर या तालुक्यांचा बराच भाग अवर्षणप्रवण आणि जिरायती आहे. तेथे विंधनविहीर घेण्यापूर्वी पाणाड्याला बोलावण्याची प्रथा आहे. तो हातात नारळ किंवा झाडाची दुबेळकी फांदी धरून शेतात फिरतो आणि जागा दाखवतो. बोअर कोरडी गेली तर शेतकऱ्याचे पैसे बुडतात, प्रसंगी कर्ज होते.

पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी लागले, एवढ्यावरून त्याचा दावा सिद्ध होत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी प्रामुख्याने वरच्या झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठते. ज्या शिवारात असा थर विस्तृत आहे, तेथे कोठेही खोदले तरी थोडेफार पाणी लागू शकते. म्हणून विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : त्याच शिवारात, तेवढ्याच खोलीपर्यंत, चिठ्ठी टाकून निवडलेल्या जागांपेक्षा पाणाड्याच्या जागांना अधिक वेळा पाणी लागते का? यासाठी प्रत्येक भाकीत खोदाईपूर्वी लिहून ठेवले पाहिजे, पाणी मोजणाऱ्याला जागा कोणी निवडली हे ठाऊक नसावे आणि कोरड्या गेलेल्या बोअरचीही नोंद झाली पाहिजे. प्रत्यक्षात पाणी लागलेल्या विहिरीची गोष्ट गावभर होते आणि कोरडी बोअर विस्मरणात जाते. कुंडल्यांच्या चाचणीची रचना आणि या तपासणीची रचना यांत तत्त्वतः फरक नाही. ती गावातील शाळेच्या विद्यार्थ्यांनाही एक वही घेऊन करता येण्याजोगी आहे.

मूल्यमापन

अर्ध-स्थिर स्थिती विश्वरचना बहुसंख्य विश्वरचनाशास्त्रज्ञांनी स्वीकारलेली नाही. कोबे, डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी केलेल्या पार्श्वप्रारणाच्या सूक्ष्म मोजमापांचे स्पष्टीकरण महास्फोट सिद्धांतावर आधारित प्रतिमान अधिक चांगल्या प्रकारे देते, असे सर्वसाधारण मत आहे. दुसरीकडे, विश्वाचे प्रसरण वाढत्या गतीने होत असल्याचे १९९८ मध्ये आढळले, तेव्हा प्रवेगी प्रसरण हे मूळ स्थिर स्थिती सिद्धांताचेही एक भाकीत होते, याकडे त्याच्या समर्थकांनी लक्ष वेधले.

नारळीकर शेवटपर्यंत पर्यायी विश्वरचनेचे समर्थक राहिले, यावरून त्यांच्यावर हटवादाचा आरोपही होऊ शकतो. परंतु त्यांनी आपले मत निरीक्षणापासून दूर, सुरक्षित जागी ठेवले नाही. गणित प्रसिद्ध केले, भाकिते सांगितली, प्रतिकूल मोजमापांना उत्तरे दिली आणि सिद्धांतात बदलही केले. आयुकात महास्फोट सिद्धांताच्या चौकटीत संशोधन करणारे अनेक शास्त्रज्ञ त्यांच्याच कारकिर्दीत घडले. संस्थेच्या प्रमुखाचे मत ही तेथे संशोधनाची अट नव्हती. त्यांच्या विश्वरचनेविषयी भविष्यातील निरीक्षणे काय सांगतील ते सांगोत. दावा कोणाचाही असो, तो तपासला जावा, ही त्यांची मागणी त्या निर्णयावर अवलंबून नाही.